आत्मा पुढं, अंग दाराशी

मिशनच्या देवळात प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला माझ्या आईच्या समोर आला. आईनं दोन्ही हात वर केले. तेवढ्यात पुढून आवाज आला, "साहेब, उष्टं न्हाई चालायचं."

खुर्चीवर बसलेले देशमुख बोलले होते. आम्ही सगळे खाली, दाराशी सारवलेल्या भुईवर. उपासना चालवणारा गोरा साहेब थांबला. मग आईला ओलांडून प्याला घेऊन देशमुखांकडं गेला. आधी ते प्याले, मग त्यांची बायको, मग त्यांचा भाऊ. मग प्याला परत आमच्या रांगेत आला.

आईचे हात तोवर तसेच वर होते.

आम्ही केजजवळच्या एका गावातले मांग. बाप लग्नात हलगी वाजवायचा, आई दोरखंड वळायची. माझ्या लहानपणी दोघांनी बाप्तिस्मा घेतला. मिशननं मला नगरला शिकायला ठेवलं. शिकून आले, आणि मिशनच्या शाळेत मुलींना शिकवायला लागले. साहेब मला बाई म्हणायचा, अहो-जाहो करायचा. गावात तसं बोलणारा तो एकटाच. म्हणून माझा त्याच्यावर लई विश्वास होता.

देशमुख नुकतेच ख्रिस्ती झाले होते. भावकीत त्यांचा जमिनीचा तंटा होता, आणि निजामाच्या तालुकदाराकडं साहेबाच्या शब्दाला वजन होतं. त्यांना प्रभू कधी भेटला, मला ठाऊक नाही. साहेब मात्र हरखून गेला होता. एवढं मोठं घराणं देवळात आलं! उपासनेनंतर त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. ते विश्वासात नवे आहेत, त्यांच्यासाठी आपण थोडं सोसावं, प्रीती सगळं सोसते. तो बोलत होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याच सकाळी त्यानं उपदेश केला होता, की ख्रिस्तात आपण सगळे मोकळे झालो.

घरी येताना आई एवढंच म्हणाली, "प्रभूच्या घरातबी रांग हाय का गं?"

त्या दिवसापासून मी माणसं निरखायला लागले.

थोड्या दिवसांनी बीडचे एक वकील गावात आले. अंगात खादी. निजामाच्या मुलखात सभा घ्यायला बंदी होती, म्हणून भजनाचं नाव केलं आणि पारावर माणसं जमवली. माझं बायका ऐकतात हे त्यांना कळलं होतं. मला बोलावणं आलं. मी आईला घेऊन गेले. पारावर सतरंजी होती. आम्हाला खाली, गुरं बांधायच्या खुंट्यापाशी उभं केलं. कुणीतरी कुजबुजलं, ही साहेबाची माणसं, खबर देतील.

वकील बोलले चांगलं. गुलामी कशी माणसाचा कणा मोडते, ते पोटतिडकीनं सांगितलं. खोटं वाटलं नाही. म्हणून मी विचारलं, तुमचं राज्य आल्यावर आमी विहिरीवर पाणी भरायचं का?

वकील हसले. "बाई, आधी घर आपलं होऊ द्या. खोल्या मग वाटू."

पारावरचे सगळे हसले. वाटप कोण करणार, ते त्या हसण्यातच कळलं.

मी सभेला गेल्याचं देशमुखांनी साहेबाला सांगितलं. साहेबानं मला बंगल्यावर बोलावलं. राजाला देवानं नेमलेलं असतं, म्हणाला. सरकारची मर्जी फिरली तर शाळा बंद होईल, देऊळ बंद होईल. मग मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला आत्म्याचं स्वातंत्र्य मिळालं आहे. दुसरं कशाला हवं?"

त्याच्याकडं दोन्ही स्वातंत्र्यं होती. मला मात्र एकावर भागवायला सांगत होता.

रविवारी मी सगळ्यांसमोर उभं राहून सभेला गेल्याचा पश्चात्ताप करायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

रविवार आला. माझं नाव घेतलं. मी उठले. देशमुख खुर्चीत टेकून बसले होते.

मी म्हणाले, "साहेब, माझ्या आईला ओलांडून प्याला पुढं नेला तुमी. आधी त्याचा पश्चात्ताप कोन करनार?"

साहेब लालबुंद झाला. "खाली बसा," म्हणाला.

बसले नाही. "माझा आत्मा मोकळा झाला म्हणता. तो याच अंगात हाय. आत्मा पुढं आणि अंग दाराशी, असं मला बसता येत न्हाई."

आणि मी बाहेर पडले. मागं वळून बघितलं नाही. पण आईच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज मागं ऐकू आला. मग आणखी कुणाकुणाचा.

शाळा गेली. मिशनची खोली सोडावी लागली. आता मी मांगवाड्यात आईबरोबर दोरखंड वळते. अंबाडीनं हात सोलवटतात. रविवारी आमच्या अंगणात बायका जमतात, प्रार्थना करतो, भाकर मोडून खातो. माफी मागितली तर शाळा परत देऊ, असा साहेबाचा निरोप येतो. मी उत्तर पाठवत नाही.

वकीलही येऊन गेले. मी गोऱ्याला तोंडावर सुनावलं, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. लई खूश होते. निजामाविरुद्धच्या फेरीत बायका घेऊन पुढं चला, म्हणाले. मी म्हटलं, येते की. तुमच्या घरच्या बायका एक दिवस आमच्या अंगणात येऊन भाकर खाऊ द्या, मग येते. त्यांची नजर खाली गेली. विचारून सांगतो, म्हणाले.

अजून विचारताहेत.

ख्रिस्ताला मी सोडलेलं नाही. त्याच्यावर माझा संशय नाही. कुणाला हात लावायच्या आधी त्यानं जात विचारली नव्हती. निजामाचं राज्य जावं, असं मलाही वाटतं. त्याचे शिपाई वेठीला माणसं ओढतात ती आमच्याच वस्तीतून. पण इथून पुढं जो कुणी स्वातंत्र्य घेऊन येईल, आत्म्याचं असो नाहीतर देशाचं, त्याच्याकडं मी आधी नीट बघणार. तो बसतो कुठं. पाणी कुणाच्या हातचं पितो. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझ्या तोंडून त्याच्या प्रार्थनेला आमेन निघणार नाही, आणि त्याच्या घोषणेला जय निघणार नाही.