काजूच्या बागेतली नाचाची गाणी

आमच्या वाडीत हौसाबाईइतकी भित्री बाई दुसरी नाही. पाल चुकचुकली तरी उठून बसते. अशा बाईच्या नशिबी काजूची बाग राखणं यावं, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा. गेल्या पावसाआधी कुणकेश्वरच्या वाटेवर बिबट्या दिसला आणि तिची उरलीसुरली झोप उडाली. मुलगी सारिका देवगडला नोकरी करते. तिनं मोठ्या आवाजाचा रेडिओ आणून दिला. म्हणाली, "आये, ह्यो लावन ठेव. माकडा पळतली आणि तुकाय सोबत होतली."

रेडिओवर दर रविवारी दुपारी आठवड्यातली गाजलेली नाचाची गाणी लागत, पहिल्या नंबरचं सगळ्यात शेवटी. आषाढात एका ढोलाच्या गाण्यानं तिथं ठाण मांडलं ते गणपतीपर्यंत हललं नाही. दिवाळीला त्याला एका पंजाबी गाण्यानं खाली ढकललं. शिमग्याला कोळीगीत वर आलं. आयुष्यात फुगडीपलीकडे न नाचलेल्या हौसाबाईला हा सगळा क्रम पाठ होता. कारण माकडं. जुनं गाणं त्यांच्या अंगवळणी पडे आणि ती निवांत बसून काजूची रसाळ फळं, बोंडू, खात. नवं गाणं लागलं तरच पळत. पहिला नंबर बदलला नाही की हौसाबाई रेडिओवाल्यांना शिव्या घाली.

नवरा परशुराम बागेच्या वरच्या अंगाला झाडावर चढून काजू पाडी, ही खालच्या अंगाला वेची. मध्ये दाट रान, मोबाइलला रेंज नाही. म्हणून तो अधूनमधून 'कूऽऽ' असा कुकारो घाली आणि ही तशीच ओ देई. आमच्याकडे बागेत सगळे असंच करतात. ओ आली की माणूस सुखरूप आहे असं समजायचं.

गुढीपाडव्याआधीच्या रविवारी रेडिओवर वर्षभरातली अव्वल नाचाची गाणी होती. माकडांची टोळी उतरली तशी तिनं आवाज पूर्ण वाढवला. एकामागून एक गाणी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. कार्यक्रम संपून निवेदक बोलू लागला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, बराच वेळ नवऱ्याचा कुकारो ऐकला नाही. तिनं 'कूऽऽ' केलं. ओ आली नाही.

रेडिओ वाजवत रानात शिरलं तर बिबट्या जवळ येणार नाही, पण मग नवऱ्याची हाकही ऐकू येणार नाही. तिनं रेडिओ बंद केला. बाग एवढी गप्प तिनं वर्षभरात ऐकली नव्हती. पाचोळा वाजला की वाटे, आलाच. चार पावलं चालायचं, थांबून कान द्यायचे, परत चालायचं. "मी पाठी बघूकच नाय," तिनं मला नंतर सांगितलं. "बघलंय असतंय तर पळालंय असतंय."

वरच्या एका झाडाखाली परशुराम पडला होता. एक पाय वाकडा झालेला, तोंड पांढरंफटक. ओरडून ओरडून घसा बसला होता.

"हौसा, कितके कुकारे घातलंय गो! रेडियो वाजता आसा आणि तुझी ओ नाय. माका वाटला, वाघान न्हेल्यान तुका. म्हणान वरसून उडी मारलंय."

"मी हंय आसंय. मी आसंय," हौसाबाई म्हणत राहिली. मग तिनं वाडीकडे तोंड करून कुकारे घातले, तेव्हा कुठं शेजारच्या बागेतल्या धोंडूची ओ आली. त्याला वाट दाखवून वर आणायला ती निघाली, पण परशुराम तिचा हात सोडेना. पायाचं दुखणं विसरून तो लहान पोरासारखा रडत होता.

"जाव नको गो," तो म्हणाला. "माका भिया वाटता."