एका तुकड्यावरून

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसे वर्षानुवर्षे एका ठिकाणी भेटत राहिली, की ते गाळासारखे थराथराने साचतात आणि एखाद्या दिवशी काही शोधण्यासाठी खणावे लागले, की सगळेच वर येतात. मला गेल्या पावसाळ्यात खणावे लागले. कारण भीतीचे होते. ते यथाक्रम सांगेन. क्रम सोडून सांगण्याची मला सवय नाही.

आमचे मंडळ तिघांचे. साठे सर विज्ञान शिकवत, शिंदेबाई पी.टी. घेत आणि मी मराठी शिकवत असे. तिघेही एकाच शाळेतून निवृत्त झालो. दर गुरुवारी सकाळी साडेनऊला हडपसरला सरांच्या बाल्कनीत भेटायचे, चहा घ्यायचा आणि वाद घालायचा. विषय सरांनी एकदाच ठरवला आणि तो चार वर्षे पुरला: जीवाश्मांवरून सजीवांच्या इतिहासाबद्दल नेमके काय सांगता येते? सरांच्या मते जवळजवळ सर्व काही. माझ्या मते फारच थोडे. माझी हरकत ठरलेली असे, "एका तुकड्यावरून एवढे मोठे विधान करू नये." सर चिडत. साडेदहा वाजले की मी पर्स उचलून म्हणत असे, "हरकत कायम आहे. पुढच्या गुरुवारी."

हे शेवटचे दोन शब्द ध्यानात ठेवावेत.

* * *

हडपसरजवळच्या मांजरी गावात नदीकाठी एका इमारतीचा पाया खणत होते. तिथून सर रुमालात गुंडाळून एक दात घेऊन आले. काळपट, जड, वरच्या बाजूला वळणावळणाच्या कडा. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या रानबैलाचा तो दात आहे, असे त्यांनी जाहीर केले. त्या कडांवरून त्यांनी नदीकाठी गवताळ रान उभे केले, रानात कळप सोडला आणि कळपामागे वाघही लावला.

"वाघाचा दात कुठे आहे?" मी विचारले.

"बाई, जिथे कळप तिथे वाघ येतोच."

"तो आपल्या वाक्यात येतो. जमिनीत सापडलेला नाही."

सर म्हणाले, एक सोपी चाचणी आहे. फार जुने हाड जिभेला चिकटते. मी अर्थातच नकार दिला. शिंदेबाईंचे सासर मांजरीचेच, शेतीवाडीचे. त्यांनी दात उचलला, पदराला पुसला आणि सरळ जिभेवर टेकवला.

"चिकटत न्हाई, सर. हा आमचा सर्जा असंल. तिथंच गोठ्यामागं पुरला व्हता."

सरांनी दात शांतपणे पुन्हा रुमालात बांधला. "बैलालाही इतिहास असतो."

"व्हता की," शिंदेबाई म्हणाल्या. "लई मारका व्हता."

* * *

एकदा मी सरांना विचारले, शिकवताना आपण कधी चुकलात का? ते आत गेले आणि एक चपटा दगड घेऊन आले. दगडावर नेच्याचे पान होते. इतके रेखीव, की शिरा मोजाव्यात.

"वीस वर्षे हे मी वर्गात फिरवले," सर म्हणाले. "कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नेचे म्हणून. मग एका भूगर्भशास्त्रज्ञाने पाहिले आणि तो हसला. हे पान नाहीच, बाई. दगडाच्या भेगेत पाणी झिरपले आणि पाण्यातल्या खनिजाने नक्षी काढली. यात जीव कधीच नव्हता."

"म्हणजे नुसते पाहून कळत नाही, काय जिवंत होते आणि काय केवळ दगड?"

"नाही कळत. कशाशी तरी ताडून पाहावे लागते."

"मग त्या वीस वर्षांत शिकलेल्या मुलांचे काय केलेत?"

"पत्ते सापडले तेवढ्यांना पोस्टकार्डे टाकली. 'नेचे रद्द समजावे.'"

* * *

मे महिन्यात आम्ही खडकवासल्याला गेलो. धरणाचे पाणी ओसरले होते आणि काठच्या चिखलावर बगळ्यांची पावले वाळली होती. सरांनी तिथेच तास घेतला.

"यातले काहीही टिकणार नाही. पाऊल उमटल्याबरोबर वरून गाळ पडला पाहिजे. जे लगेच गाडले जाते आणि ज्याला पुढे कोणी हात लावत नाही, तेच टिकते."

शिंदेबाईंनी चप्पल काढली आणि ओल्या जागी बगळ्याशेजारी आपलाही पाय उमटवला. "माझंबी असू द्या. पुढं कुणाला वाद घालायला कामी येईल."

मी म्हटले, "एका पावलावरून कोणी काय सांगणार?"

सरांनी चष्मा सावरला आणि वाकून ठसा पाहिला. "प्राणी वजनदार होता."

मी हसले. हसताना खोकला आला. रस्त्यापर्यंत चढताना मला दोनदा थांबावे लागले. तो खोकला पावसाळा लागला तरी थांबला नाही.

* * *

डॉक्टर तरुण होत्या, मला 'मॅडम' म्हणत. त्यांनी एक्स-रे काढला, मग सी.टी. स्कॅन काढले आणि बुधवारी मला समोर बसवले. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, चिंचोक्याएवढा एक पांढरा डाग होता.

"मॅडम, हा पूर्वीच्या आजाराचा व्रण असू शकतो. बरा झालेला, कॅल्शियम साचून दगड झालेला. तसं असेल तर काहीच काळजी नाही. किंवा मग ही नवीन वाढ असू शकते."

"दोहोंपैकी नेमके कोणते?"

"नुसतं पाहून नाही सांगता येत. तुमचा जुना एक्स-रे असेल तर ताडून बघू. नसेल तर मंगळवारी सुई घालून तुकडा काढावा लागेल."

मी उठले, आभार मानले, रिक्षा केली. घरी येऊन एक्स-रेच्या पाकिटावरचे माझे नाव चार वेळा वाचले. वय पाहिले, तारीख पाहिली. छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या कागदांवर चुका शोधल्या. एखादी सापडावी म्हणून देवाची प्रार्थना मात्र त्या दिवशी प्रथमच केली.

चूक नव्हती.

* * *

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी वेळेवर गेले आणि कोणालाही काही सांगितले नाही. सरांचा त्या दिवशीचा मुद्दा नामशेष जातींचा होता.

"पृथ्वीवर आजवर झालेल्या बहुतेक जाती संपल्या आहेत, बाई. जीवाश्म तेच सांगतात. संपणे हा नियम आहे, टिकणे हा अपवाद."

यावर माझ्याकडे तीन उत्तरे होती. मी चहा ढवळत राहिले. साडेदहा वाजले. मी पर्स उचलली आणि म्हणाले, "हरकत कायम आहे."

पुढचे दोन शब्द तोंडातून निघेनात.

शिंदेबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिले. "बाई, पुढं?"

मग मी खाली बसले आणि सर्व सांगितले. डाग, चिंचोका, मंगळवार, सुई.

"मग जुना एक्स-रे न्हाई का?"

"होता. शाळेत असताना असाच खोकला झाला, तेव्हा काढला होता. डॉक्टर 'ठीक आहे' म्हणाले; मी ते पाकीट उघडलेही नाही. तो दवाखानाही आता राहिला नाही."

"पण एक्स-रे कुठं गेला?"

मी सरांकडे पाहिले. सरांचा चेहरा उतरला होता.

तीसएक वर्षांपूर्वी सूर्यग्रहण होते. त्या काळी लोक जुन्या एक्स-रे फिल्ममधून ग्रहण पाहत. ते डोळ्यांना घातक आहे, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. सुट्टी असूनही सरांनी मुलांना शाळेच्या गच्चीवर बोलावले होते. शिक्षकांकडून फिल्म मागवल्या, त्यांतला काळा भाग तेवढा कापून घेतला, पांढरा फेकून दिला, दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवून चिकटपट्टीने जोडले आणि वाटले. एक्स-रेमध्ये सर्वांत काळी दिसतात ती फुप्फुसे.

"बाई," सर म्हणाले, "तो मीच कापला."

माझी फुप्फुसे सरांनी सातवी ब ला वाटून टाकली होती.

* * *

पुढचे तीन दिवस सर फोनवर होते. सातवी ब ची मुले आता चाळिशीपार गेली आहेत. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर सरांनी आवाहन केले. उत्तरे तत्परतेने आली. "सर, ग्रहण आठवतंय, तुकडा नाही." "सर, मम्मीने भंगारात दिला असणार." एकाने तर विचारले, "सर, फुप्फुसाऐवजी दुसरं काही चालेल का?"

रविवारी सकाळी एक आयटीवाला मोटारसायकलवरून तुकडा घेऊन आला. शाळेच्या जुन्या कंपासपेटीत त्याला तो मिळाला होता. सरांनी बाल्कनीच्या उजेडात तो धरला.

"सर, मॅडमचंच आहे ना हे?"

सरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "नाही. हा माझा गुडघा आहे."

तो बिचारा ओशाळला. आम्ही दोघे हसलो, आणि मध्येच कधीतरी हसणे थांबले. शिंदेबाई त्या दिवशी आल्याच नव्हत्या.

घरी जाऊन मी पुस्तकांचे कपाट लावले. कोणते पुस्तक कोणाला द्यावे, याची एक यादी केली. यादी दोनदा तपासली. मग ती टेबलावर दिसेल अशी ठेवली आणि तिच्याकडे बघवेना, म्हणून उलटी केली.

* * *

सोमवारी दुपारी डॉक्टरांनी मला मंगळवारच्या सूचना देण्यासाठी बोलावले होते. सर सोबत आले. आम्ही बाकावर बसलो होतो, एवढ्यात दारातून शिंदेबाई आल्या. हातात एक जुने, पिवळे पडलेले वर्तमानपत्र, चौकोनी घडी केलेले.

"ग्रहणाला मलाबी दिला व्हता तुकडा," त्या उभ्या उभ्याच सांगू लागल्या. "सर, तुम्हीच दिला व्हता. पण तवा मला आठवा महिना व्हता. सासूबाई म्हणायच्या, पोटुशीनं ग्रहण बगायचं न्हाई. त्यांची चाहूल लागली तशी म्या तो लग्नाच्या शालूखाली ट्रंकेत कोंबला, तळाला अंथरलेल्या कागदाच्या खाली. अन् इसरले. परवा तुमचं धरणावरचं बोलणं आठवलं. लगेच गाडलं अन् कुणी हात लावला न्हाई, तर टिकतं. म्हटलं, म्या आजवर काय काय गाडलंय? काल दिसभर घर उचकत व्हते."

आत डॉक्टरांनी वर्तमानपत्राची घडी उघडली आणि आतल्या तुकड्याची चिकटपट्टी हळूहळू सोडवली. तुकडे दोन निघाले. एकाकडे सरांनी पाहिले आणि नजर वळवली. तो पुन्हा गुडघाच होता. दुसरा डॉक्टरांनी एक्स-रे पाहायच्या पेटीच्या उजेडावर लावला, शेजारी माझा नवा एक्स-रे.

"फुप्फुसाचा वरचा भाग आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचाच कशावरून?"

"दहाव्या वर्षी मी सायकलवरून पडले होते. उजवे कॉलरबोन मोडले आणि वाकडे जुळले. तिथे उंचवटा आहे."

डॉक्टरांनी बोट नव्या चित्रातल्या हाडावरून फिरवले, मग जुन्या तुकड्याच्या कडेवरून. एकाच जागी बोट थांबले. मग ते खाली सरकले. त्यांनी पट्टी घेतली. एकदा मोजले. पुन्हा मोजले. त्या वेळात मी भिंतीवरचे सूचनाफलक वाचत होते. त्यांत काय लिहिले होते, हे आजही सांगता येणार नाही.

"इथंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "एवढाच. तीस वर्षांत वाढला नाही, हलला नाही. मॅडम, हा दगड आहे. उद्या यायची गरज नाही. खोकल्याला औषध देते."

शिंदेबाई वजनकाट्यावरच बसल्या.

मग सरांनी घसा साफ केला.

"एका तुकड्यावरून एवढे मोठे विधान, बाई?"

मी पर्स उचलली.

"हरकत आहे," मी म्हणाले. "पुढच्या गुरुवारी."