मडक्यातले स्पीकर

बारामतीत स्टँडमागं टेप दुरुस्त करणारे तात्या मशीनशी गोड बोलत, “बोल की राजा!” आणि मला टोमणे मारत, “काय पुढारी, आज कुणाचा निषेध?” मोर्चाला मात्र एकदाही आले नाहीत. संताप यायचा.

लोणी देवकर गावच्या एका कारखान्यानं गरोदर बायांना कामावरून काढलं. त्यांचं म्हणणं आम्ही कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं, कामगार खात्याच्या साहेबाला ऐकवायला. विकतचे स्पीकर परवडेनात, म्हणून तात्यांनी जुने स्पीकर दोन मडक्यांत बसवून दिले. वाजवून बघताना एक बाई म्हणाली, “सातवा लागला अन् घरी बसवलं.” तात्यांनी आवाज पुरा मोठा केला आणि बटणच उपटून काढलं.

“तात्या, हे काय?”

“सायब म्हणंल, आवाज कमी करा. कसा करतोय बघू!”