बिनपगारी उमेदवार सदाशिव

सदाशिव गेल्याची बातमी मला कचेरीत कळली. तुडीलचा एक गडी उताऱ्याच्या कामाला आला होता, टेबलाशी उभं राहून म्हणाला, "आमचा सदाभाऊ गेला परवा. कावीळ झाली व्हती." हातातला टाक मी खाली ठेवला... तेराव्याला तुडीलला गेलो, तर ओटीवर भिंतीला टेकून आमचे जुने अव्वल कारकून भाऊसाहेब बसलेले. डोळ्यांना उपरणं लावून आल्यागेल्याला सांगत होते, "माझ्याच हाताखाली तयार झालेला हो पोरगा!" असा संताप आला, वाटलं, या ढोंग्याच्या पानातला लाडू काढून घ्यावा. पण मी काही बोललो नाही. मी सहसा बोलत नाही. आयुष्यात एकदाच तोंड उघडलं ते नको तिथे, आणि ते सदाशिवला कळलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला त्याच्या हयातीत झालं नाही. म्हणून हे लिहितोय.

उमेदवारी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते भाग्यवान. आमच्या वेळी मॅट्रिकची परीक्षा दिली की बाप पोराला सरकारी कचेरीत नेऊन उभं करायचा आणि हात जोडून म्हणायचा, "ठेवून घ्या, काम शिकेल." पगार नाही, खुर्ची नाही, जागा निघाली तर लागाल, नाही तर कागद वाहा. कोणती कचेरी ते विचारू नका, मी अजून तिथेच भाकरी खातो. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं होतो. मी महाडच्या पेठेतला, वडील शाळामास्तर; सदाशिव तुडीलच्या शेतकऱ्याचा, गुडघ्यापर्यंत धोतर, अक्षर मात्र मोत्यासारखं. जागा एकच निघणार होती हे दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं, म्हणजे आम्ही एकमेकांवर डोळा ठेवावा.

काम काय शिकलो? भाऊसाहेबांचे गुडघे दुखायचे. त्यासाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडातलं पाणी आणायचं, सायकलला कळशी बांधून. महाडात पोचेपर्यंत ते पार निवायचं. मग भाऊसाहेब ओरडणार, "गाढवांनो, रमतगमत आलात!" आणि तेच पाणी घरच्या बंबात पुन्हा तापवायचं. मग सवपर्यंत तंगडतोड कशाला, हे विचारायची माझी छाती नव्हती. सदाशिवनेही विचारलं नाही. त्याने एक दिवस त्यांच्याच परसातल्या विहिरीतून कळशी भरली आणि घाम पुसत दारात उभा राहिला. संध्याकाळी भाऊसाहेब म्हणाले, "आज गुण आला बघ!" आम्ही दोघं कचेरीच्या मागे जाऊन पोट धरधरून हसलो.

दुसरी शिकवण म्हणजे पोच द्यायची नाही. अर्ज हसून घ्यायचा, "बघतो हं, पुढच्या आठवड्यात या" म्हणायचं आणि गठ्ठ्याच्या तळाशी सारायचा. पोच दिली की आवक बुकात नंबर पडतो, नंबर पडला की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यावं लागणं म्हणजे काम! भाऊसाहेबांची सगळी अक्कल एवढ्यावर उभी होती, आणि अशा अकलेला साहेब लोक अनुभव म्हणायचे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला म्हातारा होता. त्याच्या शेतावर गावच्या बड्या असामीचं नाव चढलं होतं. हरकतीचा अर्ज घेऊन तो तीनदा आला, तिन्ही वेळा भाऊसाहेबांनी हसून घेतला, तिन्ही अर्ज गडप. चौथ्यांदा आला तो मुदतीचा शेवटचा दिवस. भाऊसाहेब जेवायला घरी गेलेले. म्हातारा म्हणाला, "बाबा, मला लिवता येत नाय, पर मी आलो व्हतो येवढं तरी कुठं लिवून ठेव." सदाशिव उठला. अर्ज बुकात चढवला, नंबर टाकला, शिक्का मारला, सही करून पोच म्हाताऱ्याच्या हातात दिली. मी म्हटलं, "सद्या, जागा जाईल तुझी." तो म्हणाला, "जाऊ दे. घरी शेत हाय माझं. याचं कुठं हाय?"

त्या चिटोऱ्यावर वरच्या कचेरीत म्हाताऱ्याचं शेत वाचलं आणि खालच्या कचेरीत वादळ उठलं. भाऊसाहेबांनी मला एकट्याला बोलावलं. "पोच कोणी दिली?" सही नुसतं वेलबुट्टीचं वळण होतं, नाव लागत नव्हतं, बुकातली ओळही घाईत खरडलेली. मी म्हणू शकलो असतो, ठाऊक नाही. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हणालो, "सदाशिवने." कोणी दरडावलं नव्हतं की हात पिरगाळला नव्हता. नुसती खुर्ची दिसली होती समोर. दुसऱ्या दिवशी सदाशिवला घरचा रस्ता दाखवला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मी कायम झालो. घरी पेढे वाटले. थू आहे असल्या पेढ्यांवर!

सदाशिव शेती करायला लागला आणि गावच्या लोकांचे अर्ज लिहायला. बाजारात भेटला की, "काय बाळासाहेब, बरं हाय ना?" एवढंच. तोंडावर कधी आठी दिसली नाही. मी मनाची समजूत घातली, की याला ठाऊक नाही. भाऊसाहेब निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर मी बसलो, आणि खोटं कशाला सांगू, गठ्ठ्याच्या तळाशी सारायची विद्या मीही विसरलो नाही.

गेल्या आठवड्यात सदाशिवची बायको कचेरीत आली. वारस नोंदीचा अर्ज. मी ताडकन उठलो, तिला खुर्ची दिली, म्हटलं, "वहिनी, तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा. सदाशिवचं काम ते माझं काम. निर्धास्त घरी जा." ती बसली नाही.

"करशीला हो भावोजी," ती म्हणाली. "पर पोच द्या."

"माझ्याकडून पोच? अहो, मी काय परका आहे?"

"तसं नाय. पर त्यांनी जाताना सांगितलंन, कचेरीत बाळ्या हाय, मायेनं बोलंल, पर पोच घेतल्याबिगर हलू नको."

मी आवक बुक ओढलं. नंबर टाकला, शिक्का मारला आणि खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, लागेल असं. तिने ते चिटोरं उजेडाकडे धरून नीट पाहिलं, कनवटीला लावलं आणि मगच पायरी उतरली.