मीराताईंचं वाचणं

"मॅडम, मला न्हाई जमायचं. दुसरं कुनी बगा," असं म्हणून मीराताईंनी पुस्तक मिटलं आणि माझ्या टेबलावर ठेवून दिलं. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "आता कुठून आणू दुसरं?"

मी केजच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर अंकुश घरी शिकायला यायला लागला, युसूफ वडगाव या गावाहून, जीपने. त्याला जन्मापासून दिसत नाही. एम.ए.चा एकच पेपर राहिलेला, इंग्रजी भाषेचा इतिहास. दोनदा गेला होता आणि हा शेवटचा अटेम्प्ट. नाही निघाला तर एम.ए.वर पाणी सोडायचं.

अशा विद्यार्थ्याला परीक्षेत रायटर मिळतो. प्रश्न वाचून दाखवायचे आणि तो सांगेल ते लिहायचं, एवढंच रायटरचं काम. पण तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे, असा नियम. म्हणून अंकुशच्या शेजारच्या मीराताई. अंगणवाडी सेविका, बारावी पास.

घोडं अडलं होतं जुन्या उताऱ्यापाशी. पेपरात पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी येतं, ते आजच्या इंग्रजीत सांगायचं. मी असे उतारे अंकुशला रेकॉर्ड करून दिले होते. मीराताईंनी हुबेहूब माझ्यासारखं वाचलं की झालं, असा माझा हिशोब.

'नाइट' म्हणजे घोड्यावरचा योद्धा. जुन्या पुस्तकात त्याचं स्पेलिंग के, एन, वाय, जी, एच, टी. मीराताई मराठी वाचतात तसंच इंग्रजी वाचायच्या, एकही अक्षर न सोडता.

"क्निघ्ट."

"के सायलेंट आहे, ताई."

"मग लिवला कावून?"

"वाद नको. नाइट म्हणा."

चार दिवस मी असं शब्दाशब्दाला टोकत होते. ताईंचा आवाज बारीक होत गेला आणि पाचव्या दिवशी त्यांनी पुस्तकच मिटलं.

अंकुश एरवी माझ्यापुढे फार बोलत नाही. त्या दिवशी म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. ताई वाचती तसं वाचू द्या तिला."

"चुकीचं?"

"तुमी वाचता ते गोड लागतं, पण अक्षरं कळत न्हाईत. 'नाइट' म्हनलं की रात्र का योद्धा, तेच उमगत न्हाई. ताई वाचती तवा शब्द हाताला लागतो. मागच्या दोन्ही रायटरनी तुमच्यासारखंच वाचलं होतं."

पुढचं मलाच माहीत होतं. त्या काळी लोक योद्ध्याचा हा शब्द अक्षर न् अक्षर उच्चारून म्हणायचे. आधी के, मग एन, आणि जीएच तर घशातून, खाकरल्यासारखा. तेव्हाच्या माणसाला माझ्यापेक्षा मीराताईंचं वाचणं लवकर कळलं असतं. तीस वर्षं हेच मी वर्गात शिकवलं आणि घरी मीराताईंनी तसं वाचलं तर त्यांना रडकुंडीला आणलं. मला लाज वाटली. दोघांना तसं सांगितलंही.

"म्हंजी मी बरोबर हाय?" मीराताई म्हणाल्या.

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग चार दिस कावून छळलं?"

मी चहा टाकला.

पुढचे दिवस ताई खणखणीत वाचत होत्या आणि त्यांना थांबवायचं की नाही ते अंकुश ठरवत होता. फक्त 'ये', म्हणजे वाय आणि ई, या छोट्या शब्दाची गडबड होती. छापणाऱ्यांकडे 'द'मधल्या टीएचसाठीचं जुनं अक्षर नसे, म्हणून ते त्या जागी वाय लावत, पण लोक वाचत 'द'च. ते अंकुशने लक्षात ठेवलं. ताईंना मी ते सांगितलंच नाही.

बीडला परीक्षेत त्यांना वेगळी खोली मिळाली. मी बाहेर बाकावर बसले होते. थोड्या वेळाने सुपरवायझर बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, त्या बाई काय वाचतायत? पेपर तर इंग्रजीचा आहे ना?"

"इंग्रजीचाच आहे," मी म्हटलं. "जरा जुनं आहे."

पेपर निघाला. निकाल सांगायला अंकुशने फोन केला.

वाचणाऱ्याला सुधारण्याआधी ऐकणाऱ्याला विचारावं, एवढं मी रिटायर झाल्यावर शिकले. अंकुश आता प्राध्यापकीच्या परीक्षेला बसतोय. मीराताईंनी बी.ए.ला नाव घातलंय. ते ऐकून तो म्हणाला, "बी.ए. कर, ताई. पण एम.ए.ला जरा दमानं. आधी माझी परीक्षा होऊ दी. माझ्याएवढी शिकलीस तर दुसरी रायटर कुठनं आनू?"