सुरुवात तेवढी दाखवा

केबलवाल्याच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साठतात, बिघडलेले रिमोट आणि किस्से. रिमोट निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र डोक्यात पडून राहतात, आणि वय वाढलं की त्यांतले हसण्याचे कमी होत जातात. माझे तर आता थोडेच उरलेत. तरी सांगतो, कारण चहा यायला अजून वेळ आहे.

आमचं ऑफिस निरगुडसरला, पिठाच्या गिरणीच्या वर. खाली दळण चालायचं, वर आम्ही. चौघंच जण. मालक बाळशेठ, तळेघरचा टेक्निशियन दत्तू, खांबावर चढणारे भिकाअण्णा, आणि कंट्रोल रूममध्ये बसणारा मी. कंट्रोल रूम म्हणजे एक टेबल, चार-पाच खोकी, एक व्हीसीआर आणि पिठाची धूळ. छतावर मोठी छत्री, म्हणजे डिश अँटेना.

नव्वद सालानंतर टीव्हीवर खेळांच्या कार्यक्रमांचं पेव फुटलं. प्रश्न विचारतात, माणूस घाम पुसतो, पब्लिक टाळ्या वाजवतं. नावं सगळी हिंदी-इंग्रजी, आमच्या तोंडात बसायची नाहीत. म्हणून आम्ही कार्यक्रम ओळखायचो सुरुवातीवरून. एक चकरीवाला, त्यात रंगीत चकरी गरगर फिरून थांबायची. एक पडद्यावाला, त्यात एक मुलगी मखमली पडदा ओढून हसायची. आणि एक दिवेवाला, सोमवारचा. आधी मिट्ट काळोख, मग धडधड ढोल, मग वरून एकेक दिवा पेटत यायचा आणि कॅमेरा पब्लिकवरून सरसर पळायचा. दर आठवड्याला तेच दिवे, तीच माणसं, त्याच टाळ्या.

शेठना चकरी आवडायची. दत्तूला पडदा आवडायचा, कारण ती पोरगी आपल्याकडंच बघून हसते असं त्याचं ठाम मत होतं. मला दिवे. अण्णांना विचारलं, तर कमरेला दोर बांधता बांधता म्हणाले, "सुरुवात समद्यांचीच चांगली असती."

*

एका उन्हाळ्यात लोडशेडिंगने आमचा जीव खाल्ला. सोमवारी दिवेवाला सुरू व्हायचा, शेवटचा दिवा पेटायचा, निवेदक कोटाचं बटण लावत पायऱ्या उतरायचा, आणि गावाची वीज जायची. दर सोमवारी. एकदाही चुकली नाही. सरकारी खातं इतकं वेळेवर काम करताना मी तेवढंच पाहिलं.

आमच्या गावात एक रिटायर गुरुजी होते. तक्रारीचा फोन करायचा तर त्यांनीच. त्या उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"अहो केबलवाले, हा कार्यक्रम दर सोमवारी नुसता सुरूच का होतो? खेळतात कधी?"

मी म्हटलं, "गुरुजी, वीज जाते."

"तसं होय," ते म्हणाले. "मला वाटलं, कार्यक्रमच तेवढा आहे."

*

हा किस्सा दत्तूचा. त्याच्या चुलत्याने वर तळेघरला छत्री बसवून घेतली. आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं नाचणीची कामं उरकून, कांबळी पांघरून, चालत टीव्ही बघायला यायची. एका सोमवारी आहुप्याचा एक म्हातारा पाहुणा आला होता. त्याने जन्मात टीव्ही पाहिलेला नव्हता. ढोल वाजले. दिवे पेटत गेले, दहा, वीस, शंभर. अख्खा पडदा पांढरा झाला.

म्हातारा बराच वेळ बघत बसला. मग शेजाऱ्याला म्हणाला, "एवढी लाइट हितं जाळत्यात व्हय? म्हनून आमच्याकडं येत न्हाई."

दत्तू हे हसत हसत सांगत होता. आम्हीही हसणार होतो. तेवढ्यात वीज गेली.

*

आता पट्टीचं. केबलवाल्याची खरी कमाई पट्टीवर. पडद्याच्या तळाला जाहिरात सरकत जाते ना, ती. मंचरच्या एका साडीवाल्याने शेठना गाठलं आणि सोमवारच्या कार्यक्रमाला आपल्या दुकानाची पट्टी लावून घेतली. चांगली रुंद, गुलाबी.

दुसऱ्या दिवशी अण्णा कंट्रोल रूमच्या दाराशी उभे राहिले. हा माणूस आत कधी यायचा नाही. घराणं मेंढपाळाचं, उघड्यावर वाढलेला, छपराखाली गुदमरतो म्हणायचा. शेठकडे त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. पावसात खांबावर चढताना रबरी बूटसुद्धा मागितले नव्हते.

"शेठ," ते म्हणाले, "ती पट्टी सुरुवातीला तेवढी काढता का?"

"का हो अण्णा? साड्या आवडल्या नाहीत?"

"पोरगं झाकतंय."

आम्हाला कळेना. मग तुकड्या-तुकड्याने कळलं. अण्णांचा एकुलता एक मुलगा संतोष मुंबईला निघून गेला होता. दहावीला नापास झाला, तेव्हा अण्णा त्याला चारचौघांत बोलले होते, "मेंढरं राखायची पन तुझी लायकी न्हाई." त्यावर तो गेला. नंतर ना निरोप, ना पत्ता. आणि पट्टी लागायच्या आधीच्या सोमवारी, दारातून बघताना, अण्णांना तो दिवेवाल्याच्या सुरुवातीत दिसला होता. पब्लिकमध्ये, अगदी पुढच्या ओळीत, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, टाळ्या वाजवताना. तळाला, म्हणजे बरोबर गुलाबी पट्टीच्या जागी.

पुढच्या सोमवारी पट्टी काढून बघितलं. होता खरा एक पोरगा, लाल शर्टातला. निमिषभर दिसायचा आणि कॅमेरा पुढे पळायचा. मी संतोषला लहानपणी पाहिलेलं. म्हटलं तर तोच. आम्हीही तोच म्हटलं. बापाने ओळखल्यावर आपण कोण?

साडीवाला भांडायला आला. शेठ त्याला म्हणाले, "दोन मिनिटं थांबा की राव. साड्या काय घर सोडून पळून जातायत?"

बोलून गेले आणि मग त्यांना दिसलं, की अण्णा जिन्यात वायर गुंडाळत बसलेत. पट्टी त्यानंतर सुरुवातीला कधी लागली नाही.

*

अण्णांची बायको पार्वतामामी. वस्ती ओढ्यापलीकडे, तिथवर आमची केबल नव्हती. म्हणून एका सोमवारी अण्णा तिला ऑफिसात घेऊन आले. तिने दाराबाहेर चपला काढल्या. टीव्हीला नमस्कार केला. दत्तूने खुर्ची दिली तरी खालीच बसली.

दिवे पेटले. लाल शर्ट आला आणि गेला. मामीने पदर तोंडावर धरला.

"वाळलाय," ती म्हणाली.

निवेदक उतरत होता. ती उठून चपला घालता घालता दत्तूला विचारते, "टाळ्या कुनासाठी वाजवतोय रं?"

दत्तू माझ्याकडे बघायला लागला. मी शेठकडे.

*

मग मामीला पोटाचं दुखणं लागलं. आधी जिना चढवेना, मग ओढा ओलांडवेना, मग अंथरुणातून उठवेना. पुण्याच्या डॉक्टरने अण्णांना बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं. घरी आल्यावर मामीचं एकच, "सोमवारी मला घेऊन चला."

शेठ तोंडाचे फाटके, पण मनाचे तसे नव्हते. बाभळींवरून वायर टाकत टाकत त्यांनी वस्तीपर्यंत लाइन नेली. एका घरासाठी. चढायचं काम अर्थात अण्णांनीच केलं, आणि त्या दिवसांत ते झाडावर ज्या घाईने चढायचे ते बघवत नव्हतं. एवढ्या लांब गेल्यावर सिग्नल मरतो. मामीच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

"लई मुंग्या हायेत," ती म्हणायची. "त्याचं त्वांड दिसंना."

दत्तूने मध्ये एक अँप्लिफायर टाकला. मग तोंड दिसायला लागलं. तिला तेवढं पुरायचं. सुरुवात झाली की भिंतीकडे वळून झोपायची. कोण किती जिंकलं, तिला कधी कळलं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी टीव्हीवाल्यांना सुरुवात बदलायची बुद्धी झाली. दिवे गेले, ढोल गेले, पब्लिक गेलं. नवीन सुरुवातीत निळ्या आकाशात एक सोन्याचा गोळा फिरत होता. त्या सोमवारी आम्ही तिघं पडद्यासमोर मेल्यासारखे बसलो. अण्णा वस्तीवर होते. तिथं काय झालं, ते आम्हाला विचारायचा धीर झाला नाही.

दत्तूने गाव पालथं घातलं. मंचरच्या एका पोराने मागचा एक भाग कॅसेटवर रेकॉर्ड केलेला सापडला. पुढच्या सोमवारपासून मी व्हीसीआर लावायला लागलो. आधी कॅसेटवरची जुनी सुरुवात सोडायची, मग झटकन बटण दाबून खरा कार्यक्रम. सगळ्या गावाला.

गुरुजींचा फोन आलाच.

"आता हा कार्यक्रम दोनदा सुरू होतो."

शेठनी माझ्या हातातून फोन घेतला. "गुरुजी, भिकाअण्णांच्या घरचं आजारी हाय. त्यांचं पोरगं पहिल्या सुरुवातीत हाय."

गुरुजी म्हणाले, "मग तीनदा दाखवा."

*

मामी श्रावणात गेली. संतोषला कळवायचं कुठं, हा प्रश्नच होता. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाजवळ निरोप दिला होता. दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. पिंड मांडले. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण खाली येईनात.

अशा वेळी मागे राहिलेली माणसं मेलेल्याला मोठ्याने शब्द देतात. भावकीतल्यांनी सगळं देऊन झालं. म्हातारीचं देऊळ बांधू, शेळी सांभाळू, वगैरे. कावळा हलेना. शेवटी एक जण अण्णांना म्हणाला, "अवं, पोराला आनतो म्हना. त्यातच जीव अडाकलाय तिचा."

अण्णा पिंडाकडे बघत उभे राहिले. ज्याची खात्री नाही तो शब्द मेलेल्या माणसालाही द्यायचा नाही, असा तो माणूस.

आणि शेठचा मोबाइल वाजला. नवा घेतलेला, आणि रिंगटोन दिवेवाल्याच्या सुरुवातीची. धडधड ढोल. शेठ खिसे चाचपतायत, मोबाइल सापडेना, ढोल वाजतायत, भावकी डोळे वटारतेय. जमीन दुभंगून शेठना पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

कावळा उतरला आणि शिवला.

मी देवभोळा नाही. कावळ्याला भूक लागली असेल. पण त्या दिवशी नदीवर कुणी हसलं नाही, आणि शेठनी ती रिंगटोन पुन्हा बदलली नाही.

*

मामी गेल्यावर कॅसेट बंद करायला हवी होती. मी एकदा विषय काढून बघितला. अण्णा म्हणाले, "राहू द्या की." मग राहिली. दर सोमवारी ते ऑफिसात यायचे, जिथं मामी बसली होती तिथं जमिनीवर बसायचे, जुनी सुरुवात बघायचे आणि सायकल काढून अंधारात वस्तीवर जायचे. गुरुजींचा फोन पुन्हा आला नाही.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी जिन्यात पावलं वाजली. दारात एक तरुण उभा. अंगाने भरलेला, डोक्यावर विरळ केस, हातात मिठाईचा पुडा. दत्तूने पहिला ओळखला.

"आरं, संतोष!"

मिठाईचा पुडा त्याने टेबलावर ठेवला. आईचं त्याला गावात शिरल्यावर स्टँडवर कळलं होतं. निरोप मिळाला नव्हता, असं तो म्हणाला. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत. रडून डोळे सुजलेले होते, एवढं मी पाहिलं. घरी कुलूप बघून तो इथं आला होता. अण्णा जमिनीवर बसले होते तिथंच बसून राहिले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागले.

दत्तूला ते सोसेना. "तुला दाखवतो," तो म्हणाला. "अख्ख्या गावाला तू पाठ हायेस. तुझी आई शेवटपर्यंत तुलाच बघत व्हती." आणि मला म्हणाला, "सोड कॅसेट."

वेळ झालीच होती. मी सोडली. काळोख, ढोल, दिवे. कॅमेरा पळाला. दत्तूने कोपऱ्यात बोट ठेवलं आणि मी चित्र थांबवलं. लाल शर्ट, टाळीला उचललेले हात, थोडं थरथरणारं तोंड.

संतोष पुढे सरकून अगदी टीव्हीसमोर उभा राहिला. वाकून बघितलं. सरळ झाला. परत वाकला.

"अण्णा," तो म्हणाला, "ह्यो मी न्हाई."

दत्तूचं बोट काचेवरच राहिलं. शेठनी खाली मान घातली.

"मी कंदी गेलोच न्हाई तिथं," संतोष म्हणाला. "कोन हाय ह्यो?"

"तू न्हाईस, ठावं हाय मला," अण्णा म्हणाले. "पयल्या दिवसापास्नं ठावं हाय."

आणि त्यांनी हाताने त्याला खूण केली.

"जरा बाजूला सर. तुझ्यामुळं दिसंना."