बारीक अंगाची गिटार

नातीने गिटारची पेटी उघडली, पॉलिशचा वास आला आणि बाहत्तर साली नगरच्या दुकानात छातीत भरलेली धडधड पुन्हा सुरू झाली.

माहेरी मी गिटार शिकले होते. लग्नानंतर ह्यांनी नोकरीच्या गावाहून पत्र पाठवलं, की मामंजींबरोबर जाऊन एक घे. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याहून एसटीने आलो. मामंजींसमोर मी कधी खुर्चीवरही बसले नव्हते. ते दुकानाच्या दारात पाठमोरे उभे. मोठी गिटार मांडीवर घेतली, तर तिच्या फुगीर पोटावरून हात पुरेना आणि डोक्यावरचा पदर घसरला. दुकानदार चाचांनी बारीक अंगाची दुसरी दिली. ती काखेत अलगद बसली, पदर जागचा हलला नाही.

तेवढ्यात मामंजी वळले. "हिचा आवाज वसरीपर्यंत येईल का गं?"

वसरी म्हणजे घरापुढची पडवी, त्यांची बसायची जागा. मी घाईने म्हणाले, "नाही मामंजी, अजिबात नाही येणार."

"बरं," म्हणून ते पुन्हा रस्त्याकडे बघत राहिले.

पुढे मी कायम दार लावूनच वाजवलं. मामंजी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू वाजवाया लागलीस की पाट घेऊन तुझ्या दाराशी बसायचे. वसरीत ऐकू यायचं न्हाई ना."